वॉटरफॉल, एसएसएडीएम, अजाईल सगळं सारखंच वाटतं, अभ्यास कसा करू?

वॉटरफॉल, एसएसएडीएम, अजाईल या सॉफ्टवेअर सिस्टिम बनवायच्या पद्धती, म्हणजे मेथडॉलॉजी. तुम्ही म्हणताय त्यांच्या फेजेसची (टप्प्यांची) नावं पाठ होतात पण एक मेथडॉलॉजी दुसरीपेक्षा वेगळी का ते कळत नाही. नुसत्या नावांवरून कळणारही नाही, कारण अॅनालिसिस, डिझाईन, टेस्टिंग हे या ना त्या रूपात सगळीकडेच असतं. मी शिकताना प्रत्येक मेथडला एकच प्रश्न विचारायचो, बाई तुला नेमकी भीती कशाची?

एसएसएडीएम (स्ट्रक्चर्ड सिस्टिम्स अॅनालिसिस अँड डिझाईन मेथड) 1980 च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या कामांसाठी आली, तिला भीती ही की गरज नीट लिहून न काढताच लोक कोडिंगला बसतील, म्हणून तिथे आकृत्या आणि कागदांचा ढीग. अजाईलवाल्यांची, म्हणजे थोडं थोडं बनवून युजरला दाखवत जाणाऱ्यांची, भीती बरोब्बर उलटी, की वर्षभर कागद रंगवायचे आणि शेवटी युजर म्हणणार हे नको होतं आम्हाला. (अजाईलचा 2001 चा जाहीरनामा 17 जणांनी मिळून लिहिला, व्हायवात विचारतात.) आणि पीटर चेकलंडची सॉफ्ट सिस्टिम्स ही मेथडॉलॉजी त्याच्याही मागे जाते, ती म्हणते अडचण नक्की कुठली यावर तरी तुमचं एकमत आहे का.

आता लायब्ररीतलं 'पुस्तक रिझर्व करणे' एवढंच घ्या आणि तिन्ही पद्धतीने कागदावर उतरवा. एसएसएडीएमच्या डेटा फ्लो डायग्राममध्ये (डीएफडी, माहिती कुठून कुठे जाते ती आकृती) मेंबरकडून रिक्वेस्टचा बाण प्रोसेसकडे, तिथून रिझर्वेशनच्या डेटा स्टोअरकडे (माहिती साठवायची जागा), आणि एका स्टोअरमधून दुसऱ्यात थेट बाण काढायचा नाही, मध्ये प्रोसेस हवीच, मार्क इथेच जातात. अजाईलमध्ये तेच एका कार्डावर मावतं: मेंबर म्हणून मला पुस्तक रिझर्व करता यावं, म्हणजे परत आलं की आधी मला मिळेल. खाली काय झालं की काम पूर्ण धरायचं ते लिहायचं. आणि चेकलंडचं रिच पिक्चर, म्हणजे कोणाला काय हवंय आणि कुठे खटके उडतात याचं चित्र, काढायला घेतलंत तर लक्षात येतं की मेंबरला रांगेत नंबर हवाय, ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला ते सोडायचं नाहीये आणि लायब्ररियनला रोजची भांडणं नकोत, हे डीएफडीत कुठेच दिसत नाही! माझ्या मते हा विषय खरा इथे कळतो, पण शिकवताना सॉफ्ट सिस्टिम्स नेमकी घाईत उरकतात.

वॉटरफॉलबद्दल, म्हणजे एक टप्पा संपवून मगच पुढच्यात उतरायच्या पद्धतीबद्दल, एक, तो विन्स्टन रॉईस यांच्या 1970 च्या पेपरवरून आला असं सगळे लिहितात, पण त्या पेपरात वॉटरफॉल हा शब्दच नाही आणि ती सरळ उतरती आकृती दाखवून लगेच ते म्हणतात की असं राबवणं धोक्याचं आहे. तुलनेच्या उत्तरात हे टाका. स्पायरल ही आणखी एक पद्धत राहिली, फेऱ्याफेऱ्यांनी पुढे जाणारी, ती बॅरी बोएम यांची, प्रत्येक फेरीत आधी रिस्क तपासायची मग पुढे जायचं, एवढं कळलं की आकृती आपोआप काढता येते.