फ्लॅक फाइल आयफोनवर का अडते?

प्रश्न: आजीच्या ओव्यांच्या जुन्या कॅसेट भाच्याने फ्लॅकमध्ये करून दिल्यात. आयफोनवर फाइल्स अ‍ॅपमध्ये वाजतात पण म्युझिकच्या लायब्ररीत जातच नाहीत, असं का? एमपीथ्री करून टाकू का?

उत्तर: आधी एक सांगते, एमपीथ्री करून मूळ फाइल उडवू नका, प्लीज! फ्लॅक म्हणजे आवाजाची झिप फाइल समजा, आकार साधारण निम्मा होतो पण उघडली की सगळं जसंच्या तसं परत मिळतं, ओवी सुरू व्हायच्या आधीचा आजीचा श्वाससुद्धा, आणि एमपीथ्री नेमकं असलंच बारीकसारीक काढून टाकतं, ते मग कधीच परत येत नाही.

आता तुमचा मुद्दा. अँड्रॉइडमध्ये फ्लॅक 3.1 पासून, म्हणजे 2011 पासून आहे. अ‍ॅपलचा स्वतःचा, फ्लॅकसारखाच अलॅक नावाचा फॉरमॅट होता, त्यामुळे आयफोनला फ्लॅक मिळायला 2017 चं आयओएस 11 उजाडलं. पण मिळालं ते सिस्टीमच्या पोटात, म्हणजे फाइल उलगडायचा डीकोडर आला, म्हणून फाइल्समध्ये वाजतं, दुसरी अ‍ॅपही तोच वापरू शकतात. म्युझिकची लायब्ररी मात्र फ्लॅक घेत नाही, ती वेगळी गोष्ट आहे, तुमच्या फाइलचा काही दोष नाही.

उपाय सोपा आहे, कॉम्प्युटरवर फ्लॅकचं अलॅक करा, दोन्ही लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणारे, असल्याने कणभरही काही जात नाही. मूळ फ्लॅक दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि कॅसेटही फेकू नका हं.