सरकार मोजकं हवं, म्हणजे किती?

प्रश्न : तुम्ही सारखं ‘सरकारने कमीत कमी लुडबूड करावी’ असं लिहिता. मग नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर सुसाट गाड्या हाकणाऱ्यांना आवरायचं कोणी?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : सरकारनेच! दुसऱ्याच्या जिवावर उठणाऱ्याला रोखणं हे तर त्याचं पहिलं काम. पोलीस, न्यायालयं, सैन्य मला भक्कमच हवेत. हेल्मेट न घालणारा मात्र मुख्यतः स्वतःचं डोकं पणाला लावतो. त्याला मी हात जोडून समजावीन, पण दंड करणं मला पटत नाही. (दवाखान्याचा खर्च सगळ्यांवर पडतो, हा आक्षेप वजनदार आहे, मान्य.)

माझा खरा राग वेगळ्याच ठिकाणी आहे. आमच्या वाशीत स्टेशनजवळ एक मावशी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकतात. परवा पालिकेची गाडी आली, टोपली नि तराजू उचलून गेली. मावशी ओल्या गोणपाटावर तशाच बसून राहिल्या. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? २०१४चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही.

मोजक्या सरकारचा हा विचार परदेशातून आणलेला नाही. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) १९५९मध्ये परमिट-लायसन्स राजविरुद्ध, म्हणजे धंद्यासाठी पदोपदी सरकारी परवाने लागण्याविरुद्ध, ‘स्वतंत्र पक्ष’ काढला, १९६७मध्ये त्याचे ४४ खासदार निवडून आले. आपला माल कुठे विकायचा हे शेतकऱ्यालाच ठरवू द्या, म्हणून शेतकरी संघटनेचे शरद जोशी आयुष्यभर झगडले. मावशींचाही हक्क तोच आहे. तराजू परत मिळावा म्हणून मी त्यांच्यासाठी अर्ज लिहून दिलाय.