मे-जूनमध्ये महिनाभर इंदूरला राहायचंय, मुलांना घेऊन उन्हाळ्यात काय काय करता येईल?

तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून कामासाठी महिनाभर येताय, सोबत बायको आणि ८ नि १३ वर्षांची दोन मुलं, आणि काळजी ही की बेचाळीस डिग्रीत मॉल सोडून जायचं तरी कुठे. मी इंदूरचीच, माहेर रामबागेत आणि सासर लोकमान्य नगरात, त्यामुळे उत्तर थोडं पक्षपाती येणार हे धरूनच चाला.

सगळ्यात आधी, सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेपाच या वेळेचा प्लॅनच करू नका. बाहेरचे लोक येतात, गूगलवरून दहा ठिकाणांची यादी काढतात, दुपारी दोन वाजता राजवाड्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि मग म्हणतात की इंदूरमध्ये काही नाही हो, नुसतं ऊन आणि शेव. अहो, दुपारी आम्ही स्वतःसुद्धा बाहेर नसतो. इथे उन्हाळा म्हणजे भल्या सकाळचे तीन-चार तास आणि मग थेट रात्र. शहर पठारावर आहे, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, हवा कोरडी, त्यामुळे सूर्य गेला की तासा-दोन तासांत वारा सुटतो. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं जुने लोक म्हणतात ते उगाच नाही. आता सगळीकडे सिमेंट झाल्यामुळे रात्री पूर्वीएवढ्या गार राहिल्या नाहीत हे पण खरंय, पण पुणेकराला रात्री दहाला गच्चीवर बसून कळेल मी काय म्हणतेय ते.

तर रात्रीपासूनच सुरुवात करते. सराफा. दिवसा सोन्या-चांदीच्या पेढ्या, त्यांची शटरं पडली की त्याच गल्लीत खाण्याची दुकानं लागतात आणि रात्री दोनपर्यंत चालतात, आणि तिथे कॉलेजची पोरंच असतात असं नाही, आजीबाईंना खुर्ची टाकून बसवलेलं असतं, कडेवर लहान बाळं असतात, बाराच्या ठोक्याला अख्खी खानदानं साबुदाण्याची खिचडी खात असतात. ती खिचडी आपली घरची नव्हे हं, इथे वाफेवर गरम केलेला मोकळा साबुदाणा असतो आणि तुमच्यासमोर त्यात शेव, चिवडा, मसाला घालून कालवून देतात. माझ्या पुण्याच्या नणंदेने पहिल्यांदा उपासाच्या खिचडीवर शेव पडताना बघून डोळे मिटले होते, आता आली की पहिली तीच मागते. जोशींचा दहीवडा मुलांना दाखवाच, दह्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात आणि मग एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात, ८ वर्षांचा मुलगा तिथून हलणार नाही. भुट्टे का कीस म्हणजे मक्याचं कणीस किसून दुधात शिजवलेलं, आणि खोपरा पॅटिस म्हणजे आत ओल्या नारळाचं सारण. शिकंजी मागवाल तेव्हा लिंबू-पाण्याची अपेक्षा ठेवू नका, ती इथे आटवलेल्या दुधाची, केशर-सुकामेवा घातलेली आणि इतकी दाट की एका ग्लासात चौघांचं भागतं. आणि गराडू, म्हणजे तळलेला कंद, तो विचारू नका, ते थंडीतलं.

दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे प्रत्येक ठिकाणी एकच प्लेट घ्यायची आणि चौघांनी खायची, नाहीतर तिसऱ्या दुकानाला पोट भरतं आणि खरा सराफा पुढेच राहतो. दुसरं, शनिवार-रविवारी गर्दी इतकी की गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, मंगळवार-बुधवार बघा. आणि कागद, द्रोण, काहीही खाली टाकू नका. स्वच्छतेत २०१७ पासून शहराचा नंबर सलग पहिला येत गेलाय आणि लोकांना त्याचा इतका अभिमान चढलाय की शेजारचा अनोळखी माणूसच "ओ भिया, डस्टबिन उधर है" म्हणून टोकतो. राग मानू नका.

सराफ्याच्या आधी, म्हणजे सात ते दहाचं काय? इथेच मे महिना उपयोगी पडतो. लालबागच्या आवारात मालवा उत्सव होतो, तारखा दरवर्षी बदलतात म्हणून 'नईदुनिया' किंवा 'भास्कर'चं शहराचं पान बघत राहा. वेगवेगळ्या राज्यांची लोकनृत्यं, आदिवासी नृत्याचे गट, आणि बाजूला कारागिरांचा मेळा, माती, बांबू, कापड, सगळं करणारे लोक स्वतः बसलेले असतात. मला मेळा नृत्यापेक्षा जास्त आवडतो खरं सांगायचं तर, कारण स्टेजवरचा साउंड फार मोठा असतो आणि निवेदक बोलायचे थांबत नाहीत, पण तुमच्या मोठ्या मुलीला भिल्ल नाच ढोलासकट डोळ्यांसमोर बघायला मिळेल, ते सोडू नका. मुलगी की मुलगा ते तुम्ही लिहिलं नाहीये, जे असेल ते.

लालबागचा राजवाडाही बघून घ्या पण तो वेगळ्या दिवशी, सकाळी उघडतो तेव्हा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात १८८६ मध्ये काम सुरू झालं आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या वेळी १९२१ मध्ये संपलं, त्याचं लोखंडी फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकासारखं आहे, इंग्लंडमध्ये ओतवून जहाजाने आणलेलं. सोमवारी बंद. होळकरांचा आणखी एक वाडा उन्हाळ्याच्या दृष्टीने जास्त मजेदार आहे, माणिकबाग. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात एका तरुण जर्मन आर्किटेक्टकडून, एकार्ट मुथेसियस त्यांचं नाव, तो बांधून घेतला आणि त्या काळात त्यात एअर कंडिशनिंग होतं! आता तिथे सरकारी कर खात्याचं ऑफिस आहे, आत फिरायला मिळत नाही, तेव्हा मुलांना नुसती गोष्ट सांगा.

मे महिन्यातली दुसरी गोष्ट पुणेकरांना घरच्यासारखी वाटेल. अभ्यास मंडळ या इथल्या संस्थेची ग्रीष्मकालीन व्याख्यानमाला. साठ वर्षांपेक्षा जास्त काळ चाललीये, तुकोगंजात 'जाल सभागृह' नावाच्या हॉलमध्ये संध्याकाळी होते, देशभरातले पत्रकार, वकील, शास्त्रज्ञ, राजकारणी येऊन बोलतात, बहुतेक हिंदीतून. मुलांना न्या म्हणत नाही मी, तुम्ही दोघं आलटून-पालटून जा. माझे सासरे वर्षानुवर्षं पुढच्या तीन रांगांत जागा धरून बसायचे आणि घरी येऊन आम्हाला सगळं भाषण परत ऐकवायचे, म्हणजे आमचं न जाताही व्हायचं.

मराठी नाटक बघायचं असेल तर 'सानंद' नावाची संस्था आहे, मुंबई-पुण्याची नाटकं इथे आणतात, एकाच नाटकाचे सभासदांच्या गटांसाठी वेगवेगळे प्रयोग लावतात. सभासदत्वावर चालतं, त्यामुळे ऑफिसात जो कोणी जोशी, कुलकर्णी, शिंदे, पवार भेटेल त्याला विचारा, कोणाच्या ना कोणाच्या घरी सभासदत्व असतंच आणि कोणी ना कोणी गावाला गेलेलं असतंच. पुण्याहून येऊन पुण्याचं नाटक इंदुरात बघणं जरा विचित्र वाटेल, पण इथला प्रेक्षक कसा दाद देतो ते बघा एकदा.

आता सकाळ. मे महिन्यात पावणेसहाला उजाडतं, सहाला घराबाहेर पडलात तर तुमचे चार तास. पहिल्या रविवारी होळकरांचा जुना राजवाडा करा. सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, १९८४ च्या दंगलीत आगीत बराच जळला होता, नंतर पुन्हा उभा केलाय. तिथून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या, कान्ह नदीच्या काठी, सकाळच्या उन्हात त्यावरचं कोरीवकाम छान दिसतं. मग काच मंदिर, इतवारिया बाजारात, सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती-छत-खांब सगळीकडे काच, आत फोटो काढू देत नाहीत. वाटेत पोहे-जिलबी हवीच. पोहे वाफेवरचे, वर शेव, कांदा आणि जीरावन. जीरावन म्हणजे इथला मसाला, जाताना पाकीट घेऊन जा, पुण्यात काकडीवर, फळांवर, सगळ्यावर टाकाल.

मुलांसाठी खरं तर सकाळी सिरपूर तलाव सांगेन. धार रोडवर, होळकरांच्या काळातला, २०२२ मध्ये यशवंत सागर तलावाबरोबर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही रामसरची वेटलँड सिटी म्हणून मान मिळालेली भारतातली पहिली दोन शहरं ठरली. थंडीतले पाहुणे पक्षी मेमध्ये नसतात हे खरं, पण पाणी कमी झालेलं असतं त्यामुळे इथले कायमचे बगळे, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या जवळून दिसतात. दुर्बीण असेल तर आणा. प्राणी बघायचे म्हणत असतील तर कमला नेहरू प्राणी संग्रहालय, तेही उघडल्या-उघडल्या, कारण दहानंतर वाघसुद्धा सावली सोडत नाही. सोमवारी बंद असतं.

पूर्ण महिना आहे तर मुलांना एखाद्या शिबिरात घाला, इथे सुट्टीत गल्लोगल्ली समर कॅम्प असतात. चित्रकला-बित्रकला तुमच्याकडेही मिळेल, इथे मल्लखांब शिकवा. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये त्याला राज्याचा खेळ केलंय आणि आमच्या मराठी वस्त्यांत तो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वर्ग सकाळी लवकर असतात म्हणजे उन्हाचा प्रश्न नाही. उंचीची भीती असेल तर रेसकोर्स रोडला अभय प्रशाल आहे, टेबल टेनिससाठी नाव असलेली जागा, छताखाली. वॉटर पार्कही आहेत बायपासच्या बाजूला, पण शनिवार-रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त, मला नाही आवडत.

दुपार अगदीच काढायची झाली तर ए.बी. रोडवरचं सेंट्रल म्युझियम, हिंगलाजगढ किल्ल्यावरच्या, माळव्याच्या परमार राजांच्या काळातल्या मूर्ती आहेत तिथे, लोक त्यांच्यासमोरून दोन मिनिटांत जातात पण थांबून बघण्यासारख्या आहेत. किंवा मेट्रो. सुपर कॉरिडॉरवर ३१ मे २०२५ ला सुरू झाली तेव्हा पाचच स्टेशनं, सहाएक किलोमीटर, कुठे पोचायला फारसा उपयोग नव्हता पण मुलं खूश आणि वर एसी.

शहराबाहेर एकच जायचं असेल तर महेश्वर. नव्वदेक किलोमीटर, पण लक्षात घ्या, घाट उतरला की निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा सखल भाग लागतो आणि महेश्वर इंदूरपेक्षा जवळजवळ चारशे मीटर खाली आहे, म्हणजे तिकडचं ऊन इकडच्यापेक्षा कडक. पहाटे साडेचारला निघा, सातच्या आत घाटावर. अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये राजधानी तिथे नेली, किल्ल्याच्या पायऱ्या थेट नर्मदेत उतरतात, त्या वेळी होडीत बसून नदीतून घाट बघायचा. मुलांना पाण्यात उतरवताना हात सोडू नका, पायरी संपली की एकदम खोल आहे. मग हातमाग बघा, साडी घ्यायची तर बायकोला वेळ द्या, घड्याळ दाखवू नका, आणि अकराच्या सुमारास परत फिरा. मांडू लोक सांगतील, मी मेमध्ये नाही सांगणार, सगळे दगड तापलेले असतात, ते पावसाळ्याचं ठिकाण. पाताळपाणीला तर अजिबातच जाऊ नका, धबधबा कोरडा ठणठणीत असतो आणि फोटो सगळे ऑगस्टमधले असतात.

शेवटचं, कोणाकडे ओळख काढून एकदा तरी रात्री गच्चीवर जेवायला बसा. मुक्काम अक्षय्य तृतीयेच्या आधी सुरू होत असेल तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायकोला बोलावणं येईलच, डाळ-कैरी आणि पन्हं, ते पुण्यासारखंच. राहायला घर बघत असाल तर वरचा मजला घेऊ नका, छत रात्री बारापर्यंत तापलेलं असतं. आणि कूलर आहे का ते विचारा, इथल्या कोरड्या हवेत तो एसीपेक्षा बरा चालतो, जूनच्या मध्यानंतर पावसाची दमट हवा आली की मात्र त्याचा काही उपयोग नाही.