वाचकांचे प्रश्न: देऊळ राणीचं, नाव राजाचं

प्रश्न: आमचे जावई इजिप्त फिरून आले. तिथं डोंगरात कोरलेलं, सिंहिणीच्या तोंडाच्या देवीचं एक देऊळ पाहिलं म्हणे, गाईडनं सांगितलं की सेती राजाचं आहे. मुलगी म्हणून राहिली की, नाही, ते हॅटशेप्सूत राणीनं बांधलं. दोघंही ऐकायला तयार नाहीत. नक्की कोणाचं? आणि तिथल्या मांजरांच्या ममींचं खत केलं हे खरं का?
– एक सासूबाई, महाल, नागपूर

उत्तर: सासूबाई, या खेपेला मुलीची बाजू घ्या. जावयांचंही अगदीच चूक नाही, आत सेतीचं नाव आहेच ना, पण ते मागाहून घुसवलेलं.

हे देऊळ नाईलच्या पूर्वेला, मिन्या शहराच्या दक्षिणेकडे, बेनी हसनच्या थडग्यांजवळच्या एका कोरड्या घळीत चुनखडीच्या कड्यात कोरलंय. देवीचं नाव पाखेत. ग्रीक लोकांनी तिला आपली शिकारीण देवी आर्टेमिस ठरवून टाकलं, म्हणून पुस्तकांत नाव स्पिओस आर्टेमिडोस, म्हणजे आर्टेमिसची गुहा. आसपासचे लोक मात्र इस्तबल अंतर म्हणतात, म्हणजे अंतर नावाच्या जुन्या अरबी वीराचा तबेला. देवीच्या घरी घोडे, आता काय बोलावं!

पुढे खांबांचा मंडप, मग छोटी वाट, आत गाभारा आणि मागच्या भिंतीत मूर्तीचा कोनाडा, बस. वेरूळ डोक्यात ठेवून गेलात तर लहानच वाटेल. खरी गंमत बाहेर आहे, दाराच्या वरती, तिथं ४२ ओळींचा लांबलचक लेख आहे आणि त्यात बोलतेय हॅटशेप्सूत. ती सांगते की दुसऱ्याच एका, कूसी नावाच्या गावच्या देवीचं देऊळ जमिनीनं गिळलं होतं, त्याच्या छपरावर पोरं नाचत होती, ते मी पुन्हा उभं केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या सरकारी लेखात ही नाचणारी पोरं सापडतात, मला तर बाकी सगळ्या बढाईपेक्षा तेवढंच जास्त आवडतं.

बढाई पण भरपूर आहे हं. परदेशातून येऊन उत्तर इजिप्तवर राज्य करणाऱ्या हिक्सोस लोकांनी केलेली नासधूस आपणच निस्तरली असा तिचा थाट, पण त्यांना हाकललं अहमोस राजानं, ते बाईंच्या जन्माच्याही आधी. निवडणुकीचं भाषण समजा.

आता सेतीचं नाव कसं आलं? हॅटशेप्सूत आधी सावत्र मुलगा तिसरा थुतमोस लहान म्हणून कारभार पाहत होती, मग सरळ राजाच झाली, खोटी दाढी वगैरे लावलेल्या मूर्तीसुद्धा आहेत (काळ साधारण इ.स.पू. १४७९ ते १४५८). ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याच थुतमोसच्या राजवटीत ठिकठिकाणी तिची नावं छिन्नीनं खरवडली गेली, आणि पुढे साधारण दीडशे वर्षांनी पहिल्या सेतीनं या देवळात आपलं नाव कोरून घेतलं. आयतं देऊळ मिळालं त्याला.

आपल्याकडची प्रभावतीगुप्ता आठवा, रामटेकजवळ नगरधनला वाकाटक राजघराण्याची राजधानी होती तेव्हाची. तिनंही लहान मुलांच्या नावानं राज्य चालवलं, पण ती राजा नाही झाली, राजमाताच राहिली. ताम्रपटात मात्र सासरच्या आधी माहेरच्या गुप्तांची वंशावळ लावून मोकळी! तिची नावं कोणी खरवडली नाहीत.

मांजरांचं म्हणाल तर हो, खरं आहे. बेनी हसनजवळ मांजरांच्या ममींची मोठी दफनभूमी सापडली आणि १८९० मध्ये सुमारे १९ टन माल लिव्हरपूलला बोटीनं गेला, अंदाजे १,८०,००० मांजरं, लिलाव झाला, दळून शेतात टाकली. पण ही मांजरं हॅटशेप्सूतच्या काळातली नव्हेत, बहुतेक तिच्यानंतर हजारभर वर्षांनी भाविकांनी देवीला वाहिलेली. आणि ती घरची लाडकी मनी असेल असंही समजू नका, इजिप्तच्या अशा ममींचे एक्स-रे काढले तर कितीतरी पिल्लांच्या माना मोडलेल्या निघाल्या, वाहण्यासाठीच ती पाळत आणि मारत.