‘धरू नकोस गं, मला धरू दे’

पत्र : मी ४६ वर्षांची आहे, एकटी राहते. गेल्या आठवड्यात एका जिन्यावर एक आजी मध्येच थांबलेल्या दिसल्या. मी धावत गेले आणि त्यांचा दंड पकडला. त्यांनी हात सोडवून घेतला. म्हणाल्या, ‘‘धरू नकोस गं, मला धरू दे.’’ मग माझं कोपर धरून त्या उतरल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, खाली पोचल्यावर नुसती मान हलवली आणि गेल्या. तेव्हापासून मला नीट झोप नाही. माझं काय चुकलं? आणि माझ्यावर ही वेळ येईल तेव्हा कोण असेल?

प्रिय मैत्रिणी,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी अनुभवाने देऊ शकते. मी सत्तरी ओलांडली आहे आणि माझाही दंड असा बऱ्याचदा पकडला गेला आहे.

उतरताना पायरीची कड दिसत नाही. डोळ्यांची बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळट होतं. साठीच्या आसपास डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा प्रकाश विशीच्या मानाने साधारण एक-तृतीयांश उरतो. मग पायरी पायानेच चाचपावी लागते. सगळा जीव त्या पावलात गोळा झालेला असताना कुणी दंड धरला, की आपला तोल त्याच्या हाती जातो. तो कधी ओढेल, कधी सोडेल, काही कळत नाही. तेच आपण त्याचं कोपर धरलं, तर घट्ट धरायचं की सैल सोडायचं ते आपण ठरवतो. पासष्टीपुढच्या साधारण तिघांपैकी एक जण दरवर्षी एकदा तरी पडतो. जो एकदा पडला आहे, त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

त्या गप्प होत्या, याचं तुम्हाला फार लागलं आहे. तो राग होता असं मला वाटत नाही. म्हातारपणी चालणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं होतात. कुणी काही विचारलं तर मी अजूनही आधी थांबते, मग उत्तर देते. जिन्यावर तर बोलतच नाही. तुम्ही त्यांच्या चालीने उतरलात, घाई केली नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं असणार. तुमची चूक दोन क्षणांची होती, आणि सांगितल्याबरोबर तुम्ही ती सुधारलीत. (कुणी पडलेलं दिसलं तर मात्र लगेच ओढून उठवू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा, श्वास जागेवर येऊ द्या.)

आता दुसरा प्रश्न. कोणीतरी नक्की असेल, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. भरल्या घरातली माणसंही जिन्यात एकटीच अडकतात. पण त्या आजींकडे पुन्हा बघा. त्यांचं कोणीही तिथे नव्हतं. एक अनोळखी बाई आली, आणि आपल्याला काय नको, काय हवं, हे त्यांनी तिला चार शब्दांत सांगितलं. असं सांगता येणं ऐनवेळी सुचत नाही, त्याची सवय लागते. एकटं राहणाऱ्या माणसाला ‘माझं मी बघते’ म्हणण्याची सवय फार लवकर जडते. मी स्वतः त्यातून उशिरा बाहेर आले आणि त्याची मला अजून हळहळ वाटते. गेल्या महिन्यात तुम्ही कुणाकडे काही मागितलंत का? नसेल तर या आठवड्यात एक छोटी गोष्ट मागा. शेजारच्या दाराची बेल वाजवा.

आणि पाय सांभाळा. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या घरातल्या मूठभर वृद्धांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला होता. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. तुम्ही तर ४६ च्या आहात. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, पुन्हा सावकाश बसायचं, रोज दहा वेळा. एवढ्याने सुरुवात करा.

भीती लगेच जाणार नाही. रात्री ती दाटून आली तर दिवसा कुणाशी तरी मोठ्याने बोला. मनातल्या मनात ती फार वाढते.

त्याच जिन्यावर त्या पुन्हा दिसल्या तर समोरून जा, म्हणजे तुम्ही त्यांना दिसाल. कोपर थोडं पुढे करा आणि थांबा. त्यांनी धरलं की नाही, ते मला जरूर कळवा.