मावशी न्यूजर्सीला, मन म्युनिकला, मग हे माग्डेबुर्ग कुठून आलं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी दांडिया बाजारात राहते, कलाभवनला, म्हणजे एम.एस. युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला, केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मास्टर्सला बाहेर जायचंय. बाबा म्हणतात अमेरिका, कारण मावशी न्यूजर्सीला आहे. मला जर्मनी हवंय आणि त्यात म्युनिकच, कारण रँकिंग भारी. अलकापुरीतला कन्सल्टंट बर्लिनमधली एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी सुचवतोय, म्हणतो अ‍ॅडमिशन पक्की समजा. आणि एक सीनियर माग्डेबुर्ग म्हणतो, जे आमच्या घरात कोणालाच नीट म्हणता येत नाही. लोन धरून बजेट 25 लाख. कसं ठरवू?
— अ., बडोदा

उत्तर : अगं, तू चार पर्याय घेऊन बसलीस पण प्रश्न खरा गावाचा आहे. दोन वर्षं कुठे राहणार, आणि नंतर नोकरी कुणाच्या दारात शोधणार.

आधी म्युनिकचा हिशोब करून टाकू. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीला फी नाही असं सगळे म्हणतात, ते बऱ्यापैकी खरंय पण सगळीकडे नाही. म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटी 2024 च्या विंटरपासून युरोपबाहेरच्या नव्या मुलांकडून मास्टर्सला बहुतेक कोर्सेसना सेमिस्टरला 4,000 ते 6,000 युरो घेते. चार सेमिस्टर, युरो शंभर रुपयांच्या आसपास धर, म्हणजे 16 ते 24 लाख नुसती फी. वर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमधे, म्हणजे आधी भरून ठेवायच्या बँक खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे, ते तुझेच असतात, महिन्याला 992 असे सुटतात, पण म्युनिकमधे खोलीचं भाडंच त्यातला मोठा घास घेतं. तुझ्या बजेटात हे बसत नाही, बाबांना अजून लोन काढायला लावू नकोस. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुहं वगैरे, 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो. म्हणून आधी नकाशा घे आणि राज्यं बघ. एक राज्य ओलांडलं की लाखांचा फरक पडतो.

आता तुझा विषय केमिकल. आपल्याकडे कोयली-नंदेसरीमुळे केमिकलच्या मुलांना घराजवळ कंपन्या दिसतात ना, तसंच तिकडेही पट्टे आहेत. लुडविग्सहाफेनला बीएएसएफचा अवाढव्य प्लांट ऱ्हाइनच्या काठावर, लेव्हरकुझेनला बायर, आणि पूर्वेला झाक्सेन-आनहाल्ट राज्यात लॉइना, बिटरफेल्ड. माग्डेबुर्ग त्याच राज्याची राजधानी. तिथल्या युनिव्हर्सिटीत केमिकल अँड एनर्जी इंजिनिअरिंगचा मास्टर्स इंग्लिशमधून आहे, त्याच गावात प्रोसेस इंजिनिअरिंगशी संबंधित मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था आहे, फी नाही, भाडी म्युनिकच्या मानाने बरीच कमी. तुझा सीनियर वेडा नाही.

पण गोड गोड सांगणार नाही. पूर्वेकडे परदेशी लोक कमी, दुकानात बसमधे इंग्लिश चालेलच असं नाही, म्हणून त्या सीनियरलाच नको, तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीला विचार की रात्री लॅबमधून घरी येताना कसं वाटतं. आणि कोर्स इंग्लिशमधून असला तरी प्लांटवर ऑपरेटर जर्मनच बोलतो, तेव्हा जर्मनची बी वन ही मधली पायरी तरी करूनच जा. ज्यांनी भाषा टाळली ते पास झाल्यावर नोकरी शोधायच्या 18 महिन्यांच्या परमिटवर ए वनची, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची, पुस्तकं घेऊन बसलेले मी पाहिलेत.

कन्सल्टंटचं म्हणशील तर, प्रायव्हेटवाले अ‍ॅडमिशनमागे कमिशन देतात, सरकारीवाले सहसा देत नाहीत, मग तो माग्डेबुर्गचं नाव कशाला घेईल? माझ्या भाच्याला असंच एका ठिकाणी चिकटवलं, पहिल्याच वर्षाची फी ऐकून माझे वहिनी-दादा रात्रभर झोपले नाहीत. तू डीएएडी या जर्मन विद्यार्थी देवाणघेवाण संस्थेच्या साइटवर कोर्स शोध आणि प्रत्येकाचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयवार अभ्यासक्रम, उघडून आपल्या मार्कशीटशी ताडून बघ, थर्मो, मास ट्रान्सफर, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंगचे क्रेडिट त्यांना पुरतात का. बरीच मुलं सीजीपीए चांगला असून इथेच उडतात.

बाबांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नको. अमेरिकेत स्टेम, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंगच्या, डिग्रीला ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, 12 महिने आणि वर 24, म्हणजे तीन वर्षं कामाला मिळतात, जर्मनीपेक्षा जास्तच, पण पुढे एचवनबी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी आणि 25 लाखात दोन वर्षांची फी निघणं कठीण. मावशी जेवायला घालेल, फी नाही भरणार. आणि बडोद्याची परंपराच बघायची तर 1913 मधे बाबासाहेब आंबेडकर गायकवाड सरकारच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंड, आणि तिथे अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मनसारखे प्रोफेसर त्यांना मिळाले. तूही डिपार्टमेंटमधली माणसं बघ, कोण कशावर काम करतंय ते.

जर्मनीसाठी आपल्या मार्कशीट-डिग्री तपासून मिळणाऱ्या एपीएस सर्टिफिकेटचे कागद आत्ताच जमवायला घे, ते वेळ खातं. सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं पण काही ठिकाणी आपल्यासाठी फॉर्म मार्च ते मेमधेच बंद होतात. आणि हो, घरात सांग, म्हणायचं माग्डेबुर्क, लिहिताना ग पण बोलताना शेवटी क.