ऑस्ट्रेलियात स्वतःच पुस्तक काढतेयस? आधी एवढंच बघ

अगं अभिनंदन! पहिला ड्राफ्ट संपवणारेच कमी असतात, तू तिथवर आलीस. आता लगेच मार्केटिंगच्या मागे लागू नकोस, जाहिराती नंतर.

१. एडिटर. नवरा किंवा मैत्रीण नाही, पैसे घेणारा, आणि शक्यतो ऑस्ट्रेलियन इंग्लिशवाला, नाहीतर तुझ्या बॅलरॅट शहरातल्या गोष्टीत 'कलर' अमेरिकन स्पेलिंगमध्ये राहतो आणि इथला वाचक पहिल्याच पानावर नाक मुरडतो.

२. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. भारतात फुकट मिळतो, इथे थॉर्प-बाउकर या कंपनीकडून विकत घ्यावा लागतो. छापील आणि ईबुकला वेगवेगळा लागतो म्हणून एकदम दहाचा सेट घे, सुटा महाग पडतो. अ‍ॅमेझॉनचा फुकटवाला चालतो पण तो अ‍ॅमेझॉनपुरताच.

३. लीगल डिपॉझिट. हे सगळे विसरतात! पुस्तक आल्यापासून महिन्याभरात एक प्रत कॅनबेराच्या नॅशनल लायब्ररीला द्यायची, कायदाच आहे. शिवाय आपल्या राज्याच्या लायब्ररीचे नियम बघ. ईबुक असेल तर ऑनलाइन अपलोड, दहा मिनिटांचं काम.

आणि एकदम प्रती छापू नकोस प्लीज, प्रिंट ऑन डिमांडच ठेव, म्हणजे ऑर्डर येईल तशी प्रत छापायची. मी हौसेने ३०० छापल्या, प्रूफ कॉपी (आधीची नमुना प्रत) न मागवता, तर पुस्तकाच्या कण्यावरचं माझं नाव अर्धं कव्हरवर घसरलेलं. अजून गॅरेजमध्ये खोकी आहेत, त्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो.

आसपासच्या छोट्या पुस्तकवाल्यांकडे एक प्रत घेऊन जा, कन्साइनमेंटवर, म्हणजे विकलं गेलं तरच पैसे, ठेवाल का विचार. शनिवारी गर्दीत नको, मंगळवारी सकाळी जा.